दगडावर मोजलेले दिवस

पुण्यातल्या सोलापूर रस्त्यालगतच्या जुन्या ख्रिस्ती दफनभूमीत मी पहिल्यांदा गेलो, तो एका मित्राच्या आजीच्या अंत्यविधीसाठी. परतताना एका लहानशा थडग्यापाशी पाय थबकले. दगडाचा कोपरा फुटलेला होता, नाव अर्धेअधिक झिजले होते, पण वय स्वच्छ वाचता येत होते: एक वर्ष, तीन महिने, बारा दिवस. त्या आईबापांनी ‘सव्वा वर्ष’ असे लिहिले नाही. वरचे बारा दिवसही त्यांना सोडवले नाहीत.

त्यानंतर मी अशा जागा मुद्दाम पाहू लागलो. पटकी आणि तापाच्या साथींत लष्करी छावण्यांमधली किती माणसे ऐन उमेदीत गेली, ते या दगडांवरची वये एकापाठोपाठ एक वाचली की अंगावर येते. तिथल्या चिन्हांचीही एक भाषा आहे. मध्येच तोडलेला खांब म्हणजे अकाली संपलेले आयुष्य, जहाजाचा नांगर म्हणजे आशा, आणि कोकरू दिसले की तिथे बहुधा एखादे मूल निजलेले असते. मराठी ख्रिस्ती कुटुंबांच्या दगडांवर ‘ख्रिस्तवासी’ हा शब्द भेटतो. आपल्या ‘कैलासवासी’, ‘वैकुंठवासी’ यांच्याच घरातला तो शब्द मला फार जवळचा वाटतो.

आम्ही पुण्याच्या ‘वैकुंठ’ स्मशानभूमीत दहन करणारी माणसे. अस्थी नदीत जातात आणि नाव श्राद्धाच्या वेळी तीन पिढ्यांपर्यंत घेतले जाते. या रीतीबद्दल माझी तक्रार नाही, पण त्या दिवशी घरी आल्यावर आईला तिच्या पणजीचे नाव विचारले, तर तिला ते सांगता आले नाही. आता ते सांगणारे कोणीच उरलेले नाही.

अर्थात दगडावर स्मृती कोरण्याची परंपरा आपल्याकडेही जुनीच आहे. पुणे जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत देवळाबाहेर वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांचे स्मृतिदगड, उभे असतात: खाली लढाई, कधी सोडवून आणलेली गुरे, त्यावर वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, त्याहून वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य. बहुतेकांवर नाव नसते. गावकरी शेंदूर लावून त्यांना देव मानतात, त्यामुळे दगड राहतो, माणूस मात्र हरवतो.

खडकीच्या युद्ध दफनभूमीत दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ सैनिकांच्या कबरी आहेत. हुद्दा कोणताही असो, दगडाचे माप एकच, आणि खाली कुटुंबाने निवडलेली एखादी ओळ. या ओळी वाचायला मी तिथे वारंवार जातो, कारण रेजिमेंटच्या चिन्हाखाली तेवढीच एक जागा घरच्यांची असते. तिथल्याच स्मारकावर पहिल्या महायुद्धातल्या १,८०० हून अधिक सैनिकांची नावे आहेत. ते भारतात आणि आजच्या पाकिस्तानात ठिकठिकाणी पुरले गेले, पण त्यांच्या कबरींची देखभाल पुढे शक्य राहिली नाही, म्हणून नावे तेवढी खडकीला आली. दुर्लक्षाने एखादी दफनभूमी कशी नाहीशी होते, याचा याहून स्पष्ट पुरावा मला माहीत नाही.

शनिवारवाड्याचा एक चिरा निखळला तरी हळहळणाऱ्या आपल्या शहराने या दगडांनाही इतिहासाची साधने मानावे, असे मला मनापासून वाटते. निदान त्यांना इजा तरी करू नये. चांगल्या हेतूने संगमरवरावर अ‍ॅसिड ओतून घासणारी माणसे मी पाहिली आहेत. संगमरवर आम्लात विरघळतो, आणि शेवाळासोबत अक्षरेही जातात. साधे पाणी आणि मऊ ब्रश पुरतो. झिजलेला मजकूर वाचण्यासाठी खडूही फासू नये. सकाळी लवकर जावे. ऊन तिरपे असते तेव्हा प्रत्येक अक्षराच्या खाचेत सावली उतरते, आणि दुपारी कोरा वाटलेला दगड तासभर वाचता येतो. त्या मुलाचे नाव मला तसेच एका सकाळी सापडले.