पाकिटातली भाजी

डॉक्टरांनी भाज्या वाढवायला सांगितल्यात ना? मग मंडईत कशाला तडफडता? तिथलं बीट मातीसकट मिळतं, सोलावं लागतं आणि वर हात संध्याकाळपर्यंत खून केल्यासारखे दिसतात. त्यापेक्षा बीट, रताळं, गाजर यांच्या चिप्सचं पाकीट आणा. पाकिटावर हिरवी पानं असतात आणि ‘खऱ्या भाज्यांपासून’ असं छापलेलं असतं. खोट्या भाज्या कुठे मिळतात, हे मला अजून कळलेलं नाही.

पथ्य एकच. पाकीट उलटं करायचं नाही. मागे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, आणि बीटला खेटून पामोलीन दिसलं की उगाच तोंडाची चव जाते. खाली १०० ग्रॅमला ५०० कॅलरींच्या आसपासचा आकडा असतो. बटाट्याचे वेफर्सही तिथेच घुटमळतात म्हणा, पण बटाट्याला भाजी म्हणून मान कोण देतो? उपवासाला देतो, पण तेव्हा तो फळांत मोडतो.

कच्च्या रताळ्यात १०० ग्रॅमला जेमतेम ८६ कॅलरी. एवढ्यावर माणसाचं कसं भागायचं? म्हणून काप कढईत सोडतात. बुडबुडे येतात ते आतलं पाणी उडून जात असतं, आणि पाण्याने खाली केलेल्या खोलीत तेल भाडेकरू म्हणून शिरतं. चिप्सच्या वजनाचा साधारण तिसरा हिस्सा हाच भाडेकरू. आता हिशोब करा : बीटमध्ये ८७ टक्के पाणी, म्हणजे ५० ग्रॅम चिप्समध्ये पाव किलोभर बीट! इतकी कोशिंबीर एका बैठकीत कुणी संपवून दाखवावी. क जीवनसत्त्व आचेपुढे फारसं टिकत नाही, त्याचा विषय काढू नका. तंतू आणि पोटॅशियम मात्र उरतात, ते चारचौघांत ठणकावून सांगा. बीटा कॅरोटीन तेलात विरघळतं, हेही. तेल औषधापुरतंच आहे, असं म्हणता येतं.

पाकिटावर एका वेळचं प्रमाण ३० ग्रॅम लिहिलंय म्हणून मी परवा ते काट्यावर मोजून बशीत घेतलं. बीटचा एक काप उजेडात धरला, तर पलीकडची खिडकी दिसत होती, लालसर, तेलकट. कडेला मिठाचे कण. क्रिकेटच्या एका षटकात बशी रिकामी. नंतर मी काटा फडताळात ठेवला. मोजूनमापून खाण्यानेच माणूस आजारी पडतो.

सासूबाई मध्येच वाफाळतं उकडलेलं रताळं पुढे करतील. नम्रपणे नाही म्हणा. त्याचा कुर्रकन आवाज येत नाही, आणि सालीखाली काय असेल ते कुठेच छापलेलं नसतं.

आणि हो, तळाचा चुरा टाकू नका. डोकं मागे करून पाकीट थेट तोंडात उपडं करा. सगळं मीठ तिथेच साठतं, आणि क्षार शरीराला लागतातच.