बदलापूर गोळीबार आणि कलम ४३

बदलापूरच्या शाळेतल्या लहान मुलींवरच्या लैंगिक अत्याचार प्रकरणातला आरोपी अक्षय शिंदे पोलिसांच्या गोळीने मेला. त्यावर ‘गुन्हा जन्मठेपेचा, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम ४३ नुसार गोळी कायदेशीरच’ असा मेसेज फिरतोय. कलमच चुकलंय. ते अटक करतानाच्या बळाबद्दल आहे. २३ सप्टेंबर २०२४ ला मुंब्रा बायपासवर आरोपी आधीच ताब्यात होता, तळोजा कारागृहातून आणताना पोलिसांच्याच गाडीत. म्हणून तर पोलिसांनी बाजू मांडली ती स्वसंरक्षणाची: त्याने पिस्तूल हिसकावून गोळ्या झाडल्या. त्यावर मुंबई उच्च न्यायालयाने विचारलं, गोळी हातापायावर का नाही, थेट डोक्यात कशी? प्रश्न बिनतोड होता. बाकी, ‘पाच पोलिस दोषी ठरले’ हेही खोटंच. दंडाधिकाऱ्यांच्या अहवालात ठपका आहे, निकाल नाही. त्यावरून एप्रिल २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने गुन्हा नोंदवायला सांगितलं.