नास्तिक म्हणजे नेमकं कोण?

बाबांच्या दहाव्याला कावळा शिवेना. घाटावर ऊन चढलेलं, पिंडावरचं दही सुकत चाललेलं, समोरच्या पिंपळावर तीन कावळे बसलेले. पण एकही खाली येईना. एकेकजण पुढे होऊन 'आईला सांभाळू', 'घराकडे लक्ष देऊ' असं कबूल करत होता. पाऊण तासाने काका सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "घरात नास्तिक पोर असल्यावर कसा शिवेल?" मी आईच्या डोक्यावर छत्री धरून उभी होते. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि मी हात जोडले.

हे चळवळीतल्या एका ज्येष्ठ मित्राला सांगितलं, तर तो म्हणाला, "हात जोडलेस ना? मग तू नास्तिक नाहीसच."

काकांच्या लेखी नास्तिक म्हणजे अपशकुनी, मित्राच्या लेखी प्रत्येक विधीपासून सोवळं पाळणारा. दोघांनीही माझ्या वागण्यावरून ठरवलं. देव आहे असं मला वाटतं का, हे दोघांपैकी कुणी विचारलंच नाही.

आपल्याकडे या शब्दाचा घोळ फार जुना आहे. व्याकरणकार पाणिनीच्या सूत्रावरची काशिकावृत्ती ही जुनी टीका सांगते, परलोक आहे असं मानणारा तो आस्तिक, न मानणारा नास्तिक. मनुस्मृती म्हणते, 'नास्तिको वेदनिन्दकः', म्हणजे वेदांची निंदा करणारा तो नास्तिक. देव कुठे आहे यात? म्हणून तर जगाचा कर्ता ईश्वर न मानणारे, पण वेद प्रमाण मानणारे मीमांसक आस्तिकांच्या पंगतीत बसले आणि वेद न मानणारे बौद्ध-जैन परलोकही नाकारणाऱ्या चार्वाकांच्या शेजारी गेले. आज आपण शब्द देवाबद्दल वापरतो, पण 'निंदक' हा जुना डाग त्याला तसाच चिकटून आहे. काकांच्या तोंडून बोलला तो हा डाग.

माझी व्याख्या साधी आहे: देव आहे हे ज्याला पटलेलं नाही, तो नास्तिक. बस्स. 'मग देव नाही हे सिद्ध कर' असं मला लगेच सांगितलं जातं. अहो, गोठ्यातली गाय गाभण आहे असं तुम्ही म्हणालात आणि मी म्हटलं, मला अजून तसं दिसत नाही, तर ती गाभण नाहीच असं मी ठणकावून सांगितलं असं होत नाही. ठणकावून सांगणारेही नास्तिकच, पण सगळे नास्तिक तसे नसतात. मी स्वतः नवसाला पावणाऱ्या, बायकांचा विटाळ मानणाऱ्या देवाबद्दल ठामपणे 'नाही' म्हणते. विश्वाच्या मुळाशी काय आहे, ते मला माहीत नाही. 'मग अज्ञेयवादी म्हण की स्वतःला!' म्हणतेही. माहीत आहे का, हा एक प्रश्न. मानतेस का, हा दुसरा. पहिल्याला 'माहीत नाही' आणि दुसऱ्याला 'नाही' ही दोन्ही उत्तरं एका तोंडात मावतात.

आणि नास्तिक म्हणजे निधर्मीही नव्हे. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की, 'माझा कोणताही धर्म नाही' असं म्हणण्याचा नागरिकाला हक्क आहे. त्या खटल्यातले अर्जदार येशू ख्रिस्ताला मानणारे होते! श्रद्धा होती, धर्म नको होता. उलट आपल्याकडे घरात गणपती बसवणारे, पण देव न मानणारे कितीतरी आहेत. दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीनेही (अंनिस) देवाधर्माला विरोध नाही असंच सांगितलं. तिथे काम करणारे अनेक जण श्रद्धावान आहेत. तरी 'अंनिसवाला' म्हटलं की लोक नास्तिक धरूनच चालतात.

एवढा अट्टहास कशाला, असं वाटेल. शब्दात नको ते कोंबलं की शिक्षा माणसाला होते, म्हणून. त्या दिवशी घाटावर कावळा न शिवण्याचं खापर माझ्यावर फुटलं आणि आईने ते ऐकलं. रात्री ती हळूच म्हणाली, "तू नसतीस आली तर शिवला असता का गं?"

मी हात जोडले होते ते बाबांना. शेवटच्या आजारपणात रोज रात्री त्यांचे पाय चेपायचे, त्या बाबांना.