म्हणे, प्रेमानं म्हणतात!

परत तेच! बेळगावच्या टिळकवाडीत चहाच्या गाड्यावर काल पुन्हा उरुग्वेच्या फुटबॉलपटू सुआरेझचा विषय निघाला. २०११ मध्ये इंग्लंडमधल्या मॅचमध्ये त्यानं फ्रान्सच्या काळ्या खेळाडूला, एव्हराला, 'नेग्रो' (स्पॅनिशमध्ये 'काळा') म्हटलं, आठ मॅचची बंदी बसली. आमच्या ग्रुपमधला एक जण अजून त्याची वकिली करतोय. "उरुग्वेत प्रेमानं म्हणतात की! इंग्रजांना काय कळतंय?"

होय की मर्दा, म्हणत असतील. उरुग्वेच्याच कव्हानीनं २०२० मध्ये मित्राला 'ग्रासियास, नेग्रितो' ('थँक्स, काळू') लिहिलं आणि तीन मॅच बाहेर बसला, ते मलाही जरा जास्तच वाटलं. पण भर मैदानात, भांडण पेटलेलं असताना समोरच्याला म्हणायचं, त्यात कसलं आलंय प्रेम? २०२४ मध्ये अर्जेंटिनाचे खेळाडू कोपा अमेरिका स्पर्धा जिंकून बसमध्ये फ्रान्सच्या खेळाडूंच्या आईबापांचे आफ्रिकेतले देश काढत गात होते. त्यावरही ह्याचं ठरलेलं, "त्यांच्याकडं चालतंय."

आणि गेल्या रविवारी आमच्याच मैदानावर? खानापूरकडचा सिद्दी, म्हणजे आफ्रिकी वंशाच्या इथल्याच समाजातला, पोरगा गोलीला उभा. ह्यानं जाळीमागून "ए आफ्रिका!" सुरू केलं, दहा जणांनी साथ दिली. पिढ्यान्‌पिढ्या इथलाच तो, मराठी-कन्नड दोन्ही फाडफाड बोलणारा. हातमोज्याची पट्टी सोडायचा, परत आवळायचा. मागं एकदाही वळला नाही. "गंमत केली रे," हा म्हणतोय.

ह्यालाच बसमध्ये कंडक्टर मराठीवरून एक शब्द बोलला, तर आठवडाभर धुमसत होता. तेव्हा नाही सुचलं, त्यांच्याकडं असंच बोलतात म्हणून.