अ‍ॅरिस्टॉटलने उपनिषदं चोरली नाहीत

आमच्या घरच्या ग्रुपवर परवा पुन्हा तो मेसेज फिरला. सिकंदराने भारतातून उंटांवर लादून ग्रंथ नेले, आपल्या गुरूला म्हणजे अ‍ॅरिस्टॉटलला दिले, आणि ग्रीकांची सगळी तत्त्वमीमांसा, म्हणजे जगाच्या मुळाशी काय आहे याचा विचार, त्यातून निघाली. जोडीला तीन पुरावे: ‘सगळ्याचं मूळ पाणी’ हे आद्य ग्रीक तत्त्वज्ञ थेलीसचं मत वेदांमधलं, पायथागोरस काशीत शिकलेला, प्लेटोचं जग म्हणजे आपली माया. शेवटी सल्ला, ‘मूळ घरात असताना नक्कल कशाला वाचायची?’ एरवी मी सोडून दिलं असतं. पण भाची तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. करते आहे आणि तिने विचारलं, ‘मामा, मग ग्रीकांचा भाग नुसता गाइडमधून केला तर चालेल ना?’ नाही चालणार.

आधी ते उंट. सिकंदराने सिंधू ओलांडली इ.स.पू. ३२६ मध्ये. प्लेटो ३४७ मध्येच वारला होता. थेलीस, हेराक्लायटस, पार्मेनिडीस हे जुने ग्रीक तत्त्वज्ञ तर सिकंदराच्या जन्माआधीच होऊन गेले. उरला अ‍ॅरिस्टॉटल, आणि तो ३२२ मध्ये गेला. त्याचा नातलग कॅलिस्थेनिस सिकंदराबरोबर होता खरा, पण कटाच्या आरोपावरून ३२७ मध्येच त्याला अटक झाली होती. आणि ग्रंथ म्हणजे कोणते ग्रंथ? वेद-उपनिषदं गुरूच्या मुखातून शिष्याच्या मुखात जात होती. ज्या पाठांतराच्या परंपरेचा आपण अभिमान सांगतो, तीच एका वाक्यात विसरून पोथ्यांचे गठ्ठे उंटांवर चढवायचे?

तक्षशिलेजवळ सिकंदराचा माणूस ओनेसिक्रिटस नग्न तपस्व्यांना भेटला, ती हकीकत प्राचीन ग्रीक भूगोलकार स्ट्रेबोने दिली आहे. बोलणं तीन दुभाष्यांमार्फत चाललं होतं. त्यातला एक तपस्वी स्पष्ट म्हणाला की या दुभाष्यांना भाषेपलीकडे काही कळत नाही. त्यांच्यामार्फत तत्त्वज्ञान सांगणं म्हणजे चिखलातून स्वच्छ पाणी वाहील अशी अपेक्षा करणं. ब्रह्मविद्या इथून ग्रीसला कशी पोचली हे सांगणाऱ्याने आधी या तपस्व्याला उत्तर द्यावं.

आता जे मान्य करायला हवं ते. छांदोग्य उपनिषदात उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, विचारतो, ‘कथमसतः सज्जायेत?’ असत् पासून सत्, म्हणजे जे नाहीच त्यापासून जे आहे ते, कसं होईल? दक्षिण इटलीतल्या एलिआचा पार्मेनिडीस इ.स.पू. पाचव्या शतकात जवळजवळ हेच विचारतो. साम्य खरं आहे, आणि छांदोग्य बहुधा आधीचं आहे. पण पुढे काय होतं ते बघा. उद्दालक सत् पासून तेज, तेजापासून पाणी, पाण्यापासून अन्न असा विस्तार सांगतो आणि ‘तत्त्वमसि’ म्हणजे ‘ते तूच आहेस’ इथपर्यंत पोचतो. पार्मेनिडीस म्हणतो, ‘नाही’मधून काही येत नाही, ‘आहे’ ते आधीच आहे, म्हणून उत्पत्तीच नाही, नाश नाही, बदलही नाही. प्रश्न एक, वाटा दोन.

आणि मग ग्रीकांची खरी पंचाईत सुरू होते, कारण डोळ्यांना तर बदल दिसतो. एम्पेडोक्लीस म्हणाला, पृथ्वी, पाणी, हवा, अग्नी ही चार मुळं उपजत नाहीत, मरत नाहीत, फक्त मिसळतात आणि सुटी होतात. डेमॉक्रिटसने अविनाशी अणू मानले आणि त्यांना हलायला पोकळी दिली. अ‍ॅरिस्टॉटलने काशाच्या गोळ्याचं उदाहरण घेतलं: गोळा घडला तेव्हा कासं नव्याने उपजलं नाही, गोल आकारही कुणी निर्माण केला नाही, गोळा होण्याची शक्यता काशात होती, ती प्रत्यक्षात आली. प्रत्येक उत्तर आधीच्याच्या अडचणीतून निघालेलं आहे. कॉपी केलेल्या पेपरात उत्तर सापडतं, अशा पायऱ्या सापडत नाहीत.

या पायऱ्या अ‍ॅरिस्टॉटलने स्वतःच लिहून ठेवल्या आहेत. त्याच्या ‘मेटाफिजिक्स’च्या पहिल्याच भागात तो थेलीसपासून प्लेटोपर्यंत एकेकाचं मत मांडतो आणि तपासतो. प्लेटोच्या अकादमीत, म्हणजे त्याच्या विद्यापीठात, वीस वर्षं काढूनही ‘दिसणाऱ्या वस्तूंपलीकडे त्यांची शाश्वत रूपं असतात’ या प्लेटोच्या सिद्धान्तावर तो कडक टीका करतो. थेलीसने पाणीच का निवडलं असावं? तो म्हणतो, कदाचित सगळ्यांचं पोषण ओलं असतं, बीजंही ओली असतात, हे पाहून. ‘कदाचित’ म्हणण्याइतका हा माणूस सावध आहे.

बाकीचं थोडक्यात. आरंभी पाणी होतं हे नासदीय सूक्तात आहे, तसं बॅबिलोन आणि इजिप्तच्या कथांतही आहे. पायथागोरसचा पुनर्जन्मावर विश्वास होता, पण त्याच्या भारतीय गुरूंच्या गोष्टी शेकडो वर्षांनंतरच्या लेखनात येतात. आणि प्लेटो दृश्य जगाला माया म्हणत नाही; ‘टिमेअस’ या त्याच्या संवादात तर हे जग घडलेल्या सगळ्यांत सुंदर ठरतं. मायावादाची बांधणी करणारे शंकराचार्य त्याच्यानंतर हजाराहून अधिक वर्षांनी झाले.

भारताशी संबंध दाखवायचाच असेल तर पिऱ्होचा दाखवा. हा ग्रीक संशयवादी तत्त्वज्ञ सिकंदराच्या मोहिमेबरोबर भारतात आला आणि इथल्या तपस्व्यांना भेटला, असं तत्त्वज्ञांची चरित्रं लिहिणारा प्राचीन लेखक डायोजेनीस लाएर्शिअस सांगतो. त्याचा विचार आणि बौद्ध विचार यांच्या नात्यावर अभ्यासक गंभीरपणे वाद घालतात. तो मेसेज लिहिणाऱ्याला मात्र पिऱ्होचं नावही ठाऊक नाही. भाचीला मी सांगितलं आहे, गाइड ठेव बाजूला. छांदोग्याचा सहावा अध्याय आणि ‘मेटाफिजिक्स’चा पहिला भाग, दोन्ही मुळातून वाच.