गोऱ्या पुतळ्याची निगा

लातूरच्या गंजगोलाईत साडीचं दुकान टाकताय? मग कर्ज, जीएसटी, बोर्ड हे मागाहून बघा. आधी पुतळा आणा, आणि गोराच आणा. निळे डोळे, टोकदार नाक, पिवळट केस. नाकाचा टवका उडून आतलं राखाडी फायबर दिसायला लागलं की त्यावर व्हाइटनर फिरवा आणि वरून नथ चिकटवा. मग इरकल नेसवली तरी चालते. रोज सकाळी दुकानातली पोरगी ओल्या फडक्यानं त्याचं तोंड पुसेल. ती सावळी असेल. तीच इरकल गिऱ्हाईकाला दाखवायला तिनं खांद्यावर टाकली की गर्द जांभळा कसा पेटून उठतो, हे तुमच्याही नजरेला येईल. येऊ द्या. तिला शोकेसमध्ये उभं करायचं मात्र मनात आणू नका. तिचं काम घड्या घालायचं.

आई लेकीला घेऊन येईल. लेक गडद हिरव्याला हात लावेल, आई म्हणेल, "ठेव तो, काळी दिसशील." इथं तुम्ही मधे पडायचं: "मावशी, हा अबोली बघा, पोरगी उजळ दिसंल." 'सावळी' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. काढलाच, तर लगेच 'पण नाकीडोळी नीटस' जोडायचं. हे गिऱ्हाईक कालच पंढरपुरात काळ्या विठोबाच्या पायावर डोकं टेकवून आलेलं असलं तरी हसू नका, गल्ल्यावर बसून हसणं बरं दिसत नाही.

कुणी तुम्हाला मागास म्हणालं तर दचकू नका, तुमची परंपरा साता समुद्रापलीकडची आहे. कॅमेऱ्याची फिल्म बनवणारी कोडॅक कंपनी रंगीत फोटोंच्या लॅबना नमुन्याचं कार्ड पाठवायची. त्यावर गोरी बाई, नाव शर्ली. तिची कातडी नीट उतरली की मशीन नीट. काळी माणसं फोटोत नुसती दात आणि डोळे उरायची. पुढं फिल्म सुधारली, तीही चॉकलेट आणि लाकडी फर्निचरवाल्यांनी आमचा तपकिरी रंग नीट येत नाही अशी कुरकुर केली म्हणून, असं कंपनीचेच जुने लोक सांगत. अमेरिकेतलं फॅशनचं मासिक 'व्होग' 1892 साली निघालं, त्याच्या मुखपृष्ठावर काळी मॉडेल, बेव्हर्ली जॉन्सन, आली 1974 साली. ब्याऐंशी वर्षं! तुमच्या दुकानाला तर अजून वर्षही झालं नाही, घाई कसली? आपल्याकडं त्याच्या पुढच्याच वर्षी 'फेअर अँड लव्हली' आली. 2020 मध्ये तिच्या नावातलं 'फेअर' जाऊन 'ग्लो' आलं. तुम्हीही 'गोरी' काढून 'तेजस्वी' लिहा, फ्लेक्सवाला पैसे तेवढेच घेईल.

पाहुण्यांना वेरूळ दाखवा, पण अजिंठ्याच्या 1 नंबरच्या लेणीत नेऊ नका. तिथं भिंतीवर पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्राशेजारी एक काळीसावळी राजकन्या मुकुट घालून दीड हजार वर्षं ऐटीत आहे. उगाच कुणी तुमच्या पुतळ्याशी तुलना करायचं.

राहिला फ्लेक्स. मॉडेल मुंबईहून मागवा, शक्यतो परदेशीच, आणि ब्राइटनेस एवढा वाढवून घ्या की गाल आणि पाठीमागची भिंत वेगळी ओळखू येऊ नये. मग तो मे महिन्यात उन्हाला टांगा. बेचाळीस डिग्रीत फडकं पुसणारी पोरगी रापते, दारातला हमाल रापतो, तुम्हीही रापता. फ्लेक्सवरची बाई तेवढी दिवाळीपर्यंत आणखी गोरी होते, मग निळसर, आणि शेवटी नुसती नथ उरते.