मापात पाप कुणाचं?

‘एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधल्या ल्यों शहरातले विणकर सर्रास रेशीम चोरायचे. व्यापाऱ्याने तोलून दिलेलं रेशीम आणि विणून आलेलं कापड यांच्या वजनात तूट यायची, हाच पुरावा. मग मजुरी कापली तर बिघडलं कुठे?’ अशा अर्थाचा मजकूर सध्या बराच फिरतोय. चोरी होतच नव्हती असं कुणी म्हणणार नाही. फ्रेंचमध्ये तिला ‘पिकाज दोंस’ असं खास नावही होतं. पण पुरावा म्हणून जो तराजू पुढे केलाय, त्याचं काय?

रेशीम हवेतली ओल पितं. आपल्या वजनाच्या जवळपास 30 टक्के पाणी पोटात घेऊनही हाताला कोरडंच लागतं. आता समजा, दमट कोठारातून तोलून दिलेली लड विणकराच्या खोलीत शेगडीच्या उबेला आठवडाभर मागावर राहिली. वजन घटणारच, आणि त्यासाठी कुणी धाग्याला हात लावायची गरज नाही. त्यात गाठी मारताना तुटलेले तुकडे आणि ताण्याची मागावरच उरलेली टोकं. ‘घट’ म्हणून ठरावीक सूट मिळे, पण तिच्या वर गेलेला प्रत्येक औंस विणकराच्या नावे.

हे व्यापाऱ्यांना ठाऊक नव्हतं म्हणावं, तर 1805 मध्ये ल्योंमध्ये रेशमाची ओल तपासून वजन ठरवणारी सरकारी व्यवस्था कशासाठी उभी राहिली? व्यापारी कच्चं रेशीम विकत घेताना पाण्याचे पैसे मोजावे लागू नयेत, म्हणूनच ना! पुढे कोरड्या वजनावर 11 टक्के ओल धरायचा नियम रूढ झाला. विणकराला मात्र माल मिळे तो व्यापाऱ्याच्या दुकानातल्या काट्यावर.

संशय फक्त विणकरावर, हेही खरं नाही. रंगारी सगळ्यांत अवघड जागी बसलेला. रंगवण्याआधी रेशीम साबणाच्या पाण्यात उकळून त्यातला डिंक काढतात, तेव्हाच साधारण पाव हिस्सा वजन जातं. मग काळ्या रंगात लोहक्षार आणि टॅनिन चढवलं की वजन पुन्हा भरतं. मधल्यामध्ये थोडं रेशीम काढून घेतलं, तर तराजूला पत्ता लागत नाही. 1806 च्या कायद्यात कामगारांच्या चोरीसोबत रंगाऱ्यांच्या लबाडीचाही स्पष्ट उल्लेख आहे, तो उगाच नाही. अशा तक्रारी ऐकायला त्याच कायद्याने लवाद नेमला. त्यात नऊ सदस्य: पाच व्यापारी, चार स्वतःचे माग असलेले विणकर. बहुमत कुणाचं, हे सांगायला नको.

‘विणकरांची जातच चोरटी’ हा त्या मजकुराचा सूर तर फारच सवंग. नोव्हेंबर 1831 मध्ये मजुरीच्या दरावरून बंड झालं आणि शहर काही दिवस विणकरांच्या हातात होतं. काही व्यापाऱ्यांच्या घरांची नासधूस झाली, हे खरं. पण टांकसाळ आणि सरकारी खजिना यांवर पहारा दिला तो याच कामगारांनी.

आणि चोरलेलं रेशीम जायचं कुठे? भाजीबाजारात ते कुणी घेत नाही. ते मागावर चढवून कापड करायचं, तर ते कापड विकणारा माणूस त्याच धंद्यातला हवा. म्हणजे स्वस्तात माल मिळतोय म्हणून डोळे मिटून घेणारे व्यापारीही होते. फिरत्या मजकुरात त्यांच्याबद्दल एक ओळ नाही.